रुपयातील एक आणा

कोकण रेल्वेचे बांधकाम चालू असता १९९३ साली रोहा ते वीर हा तिचा भाग वाहतुकीस खुला झाला, आणि महाड तालुक्यातील वीर हे लहानसे गाव काही काळ त्या नव्या लोहमार्गाचे टोक होऊन बसले. त्यापूर्वी या मुलखाचे दार म्हणजे जवळचे दासगाव बंदर. मुंबईचा माल आणि मुंबईची माणसे सावित्रीच्या खाडीतून दासगावास उतरत व तेथून महाडास जात. महाडाहून रायगडाकडे वळले म्हणजे वाटेत नाते हे गाव लागते. १४ जानेवारी १८९६ रोजी चिंतामण द्वारकानाथ देशमुख यांचा जन्म या गावी झाला. १९१२ साली मॅट्रिकच्या परीक्षेत ते पहिले आले व जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्तीचे मानकरी ठरले. पुढे ते रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले, केंद्रीय अर्थमंत्री झाले. हे सारे महाराष्ट्रास ठाऊक आहे. त्यांच्या चरित्रातील जो भाग सहसा सांगितला जात नाही तो असा की, विद्यापीठाने आपल्या ग्रंथालयावर दर विद्यार्थ्यामागे व दर अध्यापकामागे किती रुपये खर्च करावेत, याचा हिशेब ज्या समितीने घालून दिला, ती समिती त्यांच्या अमदानीत नेमली गेली.

हा हिशेब वरवर पाहता प्राथमिक शाळेतील भागाकारासारखा सोपा आहे. वर्षाचा खर्च हा भाज्य, वाचकांची संख्या हा भाजक; उत्तर काढले की दर डोई खर्च हाती येतो. परंतु भाज्य जमाखर्चाच्या वहीत लिहिलेला असतो, तसा भाजक कोठेही लिहिलेला नसतो. तो कोणीतरी ठरवावा लागतो. ग्रंथालय कोणाचे, या प्रश्नाचे जे उत्तर त्या त्या काळी दिले गेले, तेच त्या काळच्या भाजकात उतरले, आणि मुंबई विद्यापीठाच्या इतिहासात हे जितके स्पष्ट दिसते तितके क्वचितच अन्यत्र दिसेल.

मुंबई विद्यापीठाची स्थापना १८५७ सालची. १८५९ साली पहिली मॅट्रिक परीक्षा झाली, तिला १३२ उमेदवार बसले व २२ उत्तीर्ण झाले. १८६२ साली बी. ए. ची पहिली परीक्षा होऊन महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे व वामन आबाजी मोडक असे चार पदवीधर बाहेर पडले. यानंतर अवघ्या दोन वर्षांनी, म्हणजे १८६४ साली, प्रेमचंद रायचंद या कोट्यधीश व्यापाऱ्याने विद्यापीठास ग्रंथालयाची इमारत बांधण्याकरिता दोन लक्ष रुपये देऊ केले. आणि त्याच साली आपल्या मातोश्री राजाबाई यांच्या स्मरणार्थ घड्याळाच्या मनोऱ्याकरिता आणखी दोन लक्ष दिले. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे कापसाला सोन्याचा भाव आला होता, आणि मुंबईतील पैसा जागा शोधीत होता. १८६५ साली तो फुगा फुटला, प्रेमचंदांचे दिवाळे वाजले. पण दिलेली देणगी विद्यापीठाच्या हाती सुरक्षित होती व तिच्यावर व्याज चढत होते. सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट या आंग्ल स्थापत्यविशारदाने, मुंबईस पाऊलही न ठेवता, विलायतेत बसून आराखडा काढून पाठविला. १८६९ साली कोनशिला बसली, १८७८ साली २८० फूट उंचीचा मनोरा पुरा झाला. सुमारे साडेपाच लक्ष रुपये खर्ची पडले.

म्हणजे घर झाले. घरात राहावयाचे कोणी, हे मात्र कोणी विचारले नव्हते. दात्याचा यात काडीचा दोष नाही. त्याने इमारतीकरिता पैसे दिले व इमारत उभी राहिली, तीही अशी की शहराचे नाक ठरावी. पुस्तकांकरिता दरसाल किती रक्कम लागेल, ती कोठून यावी आणि ती पुस्तके कोणाच्या हाती पडावीत, हे ठरविणे विद्यापीठाचे काम होते. पण त्या काळचे विद्यापीठ हे आजच्या अर्थाने विद्यापीठच नव्हते. ते परीक्षा घेणारे एक मंडळ होते. ते शिकवीत नसे. शिकवीत असत ती एल्फिन्स्टन, डेक्कन, पुढे फर्ग्युसन यांसारखी महाविद्यालये, आणि त्यांची स्वतःची लहानमोठी ग्रंथालये असत. विद्यापीठाचे असे विद्यार्थी नव्हतेच, उमेदवार होते. उमेदवार परीक्षेपुरता येतो, शुल्क भरतो, उत्तरे लिहितो आणि निघून जातो. अशा संस्थेच्या ग्रंथालयाचा वाचक कोण, हे सांगणे त्या काळच्या सिनेटलाही कठीणच गेले असते.

लॉर्ड कर्झन यांनी नेमलेल्या विद्यापीठ आयोगाने १९०२ साली या अवस्थेवर बोट ठेवले. हिंदुस्थानातील विद्यापीठांच्या ग्रंथालयांविषयी सांगण्यासारखे फारसे नाही, असा त्या आयोगाच्या अहवालाचा सूर होता. मुंबईच्या ग्रंथालयाचा उपयोग पदवीधर थोडाच करतात आणि विद्यार्थी जवळजवळ करीतच नाहीत, असा निर्वाळा त्याने दिला. अलाहाबादला तर ग्रंथालयच नव्हते. चार लक्षांची देणगी, स्कॉटचा आराखडा, रंगीत काचांच्या खिडक्या, आणि चोवीस वर्षांनंतरचा निष्कर्ष असा!

येथे भागाकाराची एक विलक्षण खोड ध्यानी घ्यावयास हवी. समजा, एखादे ग्रंथालय वर्षाला दहा हजार रुपये खर्च करते आणि तेथे येणारे वाचक दहाच आहेत. तर दर वाचकामागे खर्च एक हजार रुपये. तेच ग्रंथालय दार सताड उघडे ठेवून पाचशे वाचक गोळा करील, तर दर वाचकामागे खर्च वीस रुपये. कागदावर पाहणाऱ्याला पहिले ग्रंथालय उदार वाटेल व दुसरे कंजूष. प्रत्यक्ष येणाऱ्या वाचकांच्या संख्येने भागले तर वाचकांना दूर ठेवणारी संस्थाच श्रीमंत दिसते. १९०२ सालच्या मुंबईच्या ग्रंथालयास ही कसोटी लावली असती, तर त्याने कदाचित साऱ्या हिंदुस्थानात पहिला क्रमांक पटकाविला असता.

याला दुसरीही बाजू आहे. विद्यापीठाच्या उत्पन्नाचा मोठा वाटा परीक्षाशुल्काचा. ते शुल्क भरणारे उमेदवार केवळ मुंबईचे नव्हते. कोकणातून, देशावरून, गुजरातेतून, सिंधमधूनही ते येत. कुलाबा जिल्ह्यातील एखाद्या घराने दागिना गहाण टाकून मुलाच्या परीक्षेची रक्कम भरली, तर त्या रकमेचा काही अंश त्या मनोऱ्याखालच्या वास्तूच्या देखभालीस लागला असणारच. तो उमेदवार खर्च सोसणाऱ्यांत मोजला गेला, वाचणाऱ्यांत नाही.

१९०४ सालच्या कायद्याने विद्यापीठांस स्वतः अध्यापन करण्याची व ग्रंथालये चालविण्याची स्पष्ट मुभा दिली. मुंबईत १९१९ साली अर्थशास्त्र व समाजशास्त्र यांचे पदव्युत्तर अध्यापन सुरू झाले, आणि ग्रंथालयास प्रथमच आपले म्हणता येतील असे वाचक लाभले. हस्तलिखितांचाही संग्रह झाला. इच्छाराम सूर्यराम देसाई यांच्या संग्रहातील पोथ्यांची प्रा. ह. दा. वेलणकर यांनी केलेली सूची १९५३ साली प्रसिद्ध झाली. पोथीचा वाचक मोजावयाचा कसा? दहा वर्षांत एक पंडित येईल आणि त्या एकाच पोथीवरून एका लुप्त ग्रंथाचा पाठ सिद्ध करील. दर डोई हिशेब करणाऱ्याने अशा पोथ्या निकालात काढल्या असत्या. तेव्हा भागाकार हा सेवक म्हणून ठीक, कारभारी म्हणून नव्हे, एवढे तरी म्हणावयास हरकत नाही.

मराठी राजाच्या बडोद्यात याच सुमारास वेगळाच विचार चालला होता. सयाजीराव महाराजांनी १९१० साली बॉर्डन नावाच्या अमेरिकन ग्रंथपालास बोलावून राज्यभर ग्रंथालयांचे जाळे विणण्यास आरंभ केला. तेथील नियम मोठा मार्मिक होता. गावकऱ्यांनी ग्रंथालयाकरिता जितकी रक्कम जमवावी तितकीच पंचायतीने घालावी व तितकीच सरकारने. जेथे ग्रंथालय नसेल तेथे पुस्तकांच्या पेट्या फिरत. वाचक मनोऱ्याकडे येत नसेल तर पुस्तक वाचकाकडे जाईल, हे तत्त्व तेथे अमलात आले. मात्र ती सार्वजनिक ग्रंथालये. विद्यापीठांच्या डोक्यात हा विचार शिरावयास आणखी चाळीस वर्षे जावी लागली.

स्वातंत्र्यानंतर डॉ. राधाकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली १९४८-४९ साली विद्यापीठ शिक्षण आयोग बसला. त्याने ग्रंथालयाच्या खर्चाचे दोन मोजमाप दिले. विद्यापीठाच्या एकूण खर्चापैकी सुमारे सव्वासहा टक्के रक्कम ग्रंथालयावर खर्च व्हावी, अथवा दर विद्यार्थ्यामागे चाळीस रुपये. सव्वासहा टक्के म्हणजे शंभराचा सोळावा हिस्सा. सोळा आण्यांचा रुपया वापरणाऱ्या पिढीला याचा अर्थ चटकन कळण्यासारखा होता : विद्यापीठाने खर्चिलेल्या प्रत्येक रुपयातला एक आणा पुस्तकांना. ज्या संस्थेचे सारे कार्य पुस्तकांवर चालते तिने रुपयातील एक आणा बाजूस काढावा, ही मागणी अवाजवी म्हणता येणार नाही. तरीही हा आणा पुष्कळ विद्यापीठांच्या खिशातून निघाला नाही.

टक्क्याच्या मापात एक सोय आहे व एक गैरसोय. सोय ही की भाव वाढले, विद्यापीठाचा खर्च वाढला, की ग्रंथालयाचा वाटा आपोआप वाढतो. गैरसोय ही की विद्यापीठच दरिद्री असेल तर दारिद्र्याचा सोळावा हिस्सा ग्रंथालयास मिळतो, मग विद्यार्थी शंभर असोत की दहा हजार. दर डोई माप याच्या उलट. ते विद्यार्थ्यास मध्यभागी ठेवते, पण रुपयाच्या किमतीवर अवलंबून राहते.

१९५६ साली मुंबईच्या प्रश्नावर चिंतामणराव देशमुखांनी अर्थमंत्रिपदाचा राजीनामा दिला व ते विद्यापीठ अनुदान मंडळाचे अध्यक्ष झाले. १९५७ साली मंडळाने ग्रंथालयांच्या विचारार्थ समिती नेमली व तिचे अध्यक्षपद डॉ. शियाली रामामृत रंगनाथन यांच्याकडे सोपविले. या दोघांची गाठ पडावी हे योग्यच झाले. रंगनाथन मूळचे गणिताचे अध्यापक. १९२४ साली ते मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले, आणि १९३१ साली त्यांनी ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रे प्रसिद्ध केली. त्यांतील पहिलेच सूत्र असे की ग्रंथ हे वापरण्याकरिता आहेत. आज हे सांगण्याची गरज काय, असे वाटेल. पण ज्या देशात पुस्तके कुलूपबंद कपाटांत वाळवीच्या हवाली होत होती, त्या देशात हे एक बंडच होते.

समितीचा अहवाल १९५९ साली प्रसिद्ध झाला. तिने सुचविले ते असे : दरसाल दर विद्यार्थ्यामागे पंधरा रुपये व दर अध्यापकामागे दोनशे रुपये ग्रंथांकरिता खर्चावेत. या दोन आकड्यांतील अंतर अर्थपूर्ण आहे. अध्यापक एकटा वाचीत नाही. त्याने वाचलेले वर्गभर पसरते, आणि संशोधनाची नियतकालिके त्याच्याचसाठी मागवावी लागतात. भाजकातील सर्व डोकी सारखी नाहीत, ही गोष्ट येथे प्रथमच उघडपणे मान्य झाली. ज्या वर्षी समिती नेमली गेली त्याच वर्षी, १ एप्रिल १९५७ रोजी, देशात दशमान नाणी सुरू झाली आणि आणा चलनातून जाऊ लागला. राधाकृष्णन आयोगाचा आणा गेला, समितीचे रुपये आले.

आता या रुपयांचे काय झाले ते पाहावे. एखाद्या महाविद्यालयात एक हजार विद्यार्थी व पन्नास अध्यापक आहेत असे धरू. समितीच्या मापाने त्यास पंधरा हजार अधिक दहा हजार, म्हणजे पंचवीस हजार रुपये लागतात. १९६४ ते १९६६ या काळात बसलेल्या कोठारी आयोगाने विद्यापीठांकरिता हे माप दर विद्यार्थ्यास पंचवीस व दर अध्यापकास तीनशे रुपये असे वाढविले. त्या मापाने तोच हिशेब चाळीस हजारांवर जातो. सात वर्षांत पंचविसाचे चाळीस व्हावे लागले. परकीय पुस्तकांचे भाव चढले होते, आणि १९६६ साली रुपयाचे अवमूल्यन झाल्यावर ते आणखी चढले. रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नरपद सांभाळलेल्या गृहस्थाच्या अमदानीत ग्रंथालयाचे माप ठरावे आणि ते ठराविक रुपयांतच ठरावे, हा दैवाचा विनोद म्हणावा लागेल. माप पुस्तकांच्या किमतीशी बांधलेले असते, तर दर काही वर्षांनी आयोग बसण्याची वाट पाहावी लागली नसती.

परंतु याहून मोठी अडचण लहान महाविद्यालयाची. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९४५ साली स्थापलेल्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९६१ साली महाडास महाविद्यालय काढले. तोपर्यंत वीर, दासगाव, पोलादपूर, नाते येथील मुलास मॅट्रिकनंतर घर सोडल्यावाचून गत्यंतर नव्हते. अशा नव्या, आडबाजूच्या महाविद्यालयात आरंभी दोनशे विद्यार्थी व बारा अध्यापक असावेत असे कल्पावे. १९५९ च्या मापाने त्याच्या ग्रंथालयाच्या वाट्यास तीन हजार अधिक दोन हजार चारशे, एकूण पाच हजार चारशे रुपये येतात. मुंबईच्या हजार विद्यार्थ्यांच्या महाविद्यालयास पंचवीस हजार, महाडास साडेपाच हजार. दर डोई दोघांस जवळजवळ सारखेच, म्हणून न्याय झाला असे कोणी म्हणेल. पण शब्दकोश दोनशे विद्यार्थ्यांकरिता स्वस्त मिळत नाही. विश्वकोशाचे खंड, नकाशांचे पुस्तक, रसायनशास्त्राचा प्रमाणग्रंथ यांची किंमत वाचक मोजून ठरत नसते. मुंबईच्या विद्यार्थ्यास, आपल्या महाविद्यालयात पुस्तक नसले तर, पायी जाण्याच्या अंतरावर दुसरी तीन ग्रंथालये सापडतात. महाडच्या विद्यार्थ्यास तेव्हा एस. टी. ची गाडी पकडून दिवस मोडावा लागे.

हीच गोष्ट अमेरिकेतील क्लॅप व जॉर्डन या दोघांनी १९६५ साली सूत्रात बसविली. कोणत्याही महाविद्यालयाच्या ग्रंथालयास, विद्यार्थी किती हे न विचारता, प्रथम ५०,७५० ग्रंथांचा पाया हवा. मग दर अध्यापकामागे शंभर व दर विद्यार्थ्यामागे बारा ग्रंथ वाढवावेत, आणि निरनिराळ्या विषयांकरिता आणखी. हा आकडा अमेरिकेच्या समृद्धीतला आहे, तो आपल्याकडे तसाच उचलण्यात अर्थ नाही. त्यातील पाया ही कल्पना मात्र खरी आहे. दोनशे विद्यार्थ्यांच्या महाविद्यालयास डोकी मोजण्यापूर्वी द्यावयाचा असा काही वाटा असतो. आपल्या आयोगांनी दर डोई आकडा दिला तेव्हा हा पायाही तितक्याच ठळकपणे लिहावयास हवा होता.

आणि पाया घातला, रक्कम दिली, दारावर पाटी लावली, तरी ग्रंथालय खुले झाले असे होत नाही. महाडला हे वेगळे सांगावयास नको. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांस खुले करण्याचा सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळात ४ ऑगस्ट १९२३ रोजी संमत झाला. महाड नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळे खुले केल्याचा ठरावही केला. कागदावर त्या तळ्याचे वापरणारे सारे गाव झाले. प्रत्यक्षात २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकर हजारो लोकांसह तेथे जाऊन पाणी प्यायले, तेव्हा तो ठराव प्रथम वापरला गेला, आणि त्याची किंमत त्याच दिवशी डोकी फुटून मोजावी लागली. नोंदलेला वापरणारा आणि वापरणारा यांत केवढे अंतर असू शकते! विद्यापीठाच्या पटावर नाव असणारा प्रत्येक विद्यार्थी भाजकात धरला जातो. त्याला ग्रंथालयाची वेळ सोयीची आहे काय, पुस्तक घरी नेता येते काय, अनामत रक्कम भरण्याची ऐपत आहे काय, कपाटाजवळ जाऊ देतात की चिठ्ठी देऊन खिडकीशी तिष्ठत बसवितात, हे पट सांगत नाही.

अलीकडचा हिशेब याहून प्रचंड आहे. २५ नोव्हेंबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने ‘एक राष्ट्र एक वर्गणी’ ही योजना मंजूर केली. २०२५, २०२६ व २०२७ या तीन वर्षांकरिता सहा हजार कोटी रुपये. तीस प्रकाशक, सुमारे तेरा हजार नियतकालिके, सहा हजार तीनशेंहून अधिक संस्था, आणि सुमारे एक कोटी ऐंशी लक्ष विद्यार्थी, अध्यापक व संशोधक. भागाकार केला तर तीन वर्षांत दर डोई तीन हजार तीनशे तेहतीस, म्हणजे दरसाल सुमारे अकराशे रुपये येतात. रंगनाथन समितीच्या पंधरा रुपयांशी हा आकडा ताडून पाहण्याचा मोह होतो, पण तो आवरावा. ते पंधरा रुपये पुस्तकाचे होते व पुस्तक संस्थेच्या मालकीचे होई. हे अकराशे वर्गणीचे आहेत, आणि वर्गणी थांबली की दार बंद होऊ शकते. शिवाय तेरा हजार शास्त्रीय नियतकालिके हे संशोधकाचे अन्न आहे, बी. ए. च्या पहिल्या वर्षातील मुलीस मराठीतील एक चांगले अर्थशास्त्राचे पुस्तक हवे असते, ते त्यांत मिळावयाचे नाही. एक कोटी ऐंशी लक्ष या भाजकात तिचे नाव असले, तरी भाज्यातील फारसे काही तिच्यापर्यंत पोहोचत नाही.

आणि कित्येकदा ते नाव भाजकातही नसते. ही योजना केंद्र व राज्य सरकारांच्या व्यवस्थेखालील उच्च शिक्षणसंस्थांकरिता व केंद्राच्या संशोधनसंस्थांकरिता आहे. कोकणातील तालुक्यातालुक्यांतून जी महाविद्यालये उभी राहिली त्यांतील बहुतेक लोकांनी स्थापन केलेल्या शिक्षणसंस्थांची आहेत. त्यांचा पट त्या एक कोटी ऐंशी लक्षांत धरलेला नाही. मुंबई विद्यापीठ स्वतः राज्याचे असल्यामुळे त्याचा समावेश होतो. त्याच विद्यापीठाची पदवी घेणारा, पण खाजगी संस्थेच्या महाविद्यालयात शिकणारा रायगड जिल्ह्यातील विद्यार्थी बाहेर राहतो. परीक्षेचे शुल्क तो आजही त्याच विद्यापीठाकडे भरतो. मंजूर झालेल्या तीन वर्षांची मुदत २०२७ च्या डिसेंबरात पुरी होते.